दुसऱ्या दिवसाचं रक्त

"करड वाळली. येतीस का न्हाई तेवढं सांग."

माझ्या वडिलांचा, अप्पांचा फोन असा असतो. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. दरवर्षी माघ सरता सरता एवढंच बोलून ते फोन ठेवतात, आणि मी पुण्यातल्या माझ्या टेबलापाशी बसल्या बसल्या सास्तूरला, आमच्या गावी पोचते. यंदा मात्र फोन ठेवायच्या आधी ते घुटमळले. मग म्हणाले, "पोरीची नाळ अजून पडली न्हाई. तू असलीस तर बरं." मी लगेच बॅग भरायला घेतली.

पोरगी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, संगीची लेक. जन्मून आठवडाही व्हायचा होता. नाळ तर सगळ्याच लेकरांची पडते, त्यासाठी पुण्याहून कोण धावत जातं? आमच्या घरात जावं लागतं. का ते सांगते, पण त्यासाठी आधी करडईच्या रानात शिरायला हवं, आणि तिथं शिरायचं तर पायाला पोतं गुंडाळायला हवं.

करडई हे पीक कुणाच्या लाडाचं नाही. फुलात असते तेव्हा बरी दिसते, पिवळी, मग केशरी. वाळली की नुसती काट्यांची जुडी. पानाच्या कडेला काटे, बोंडाच्या गळ्याभोवती काटे. जनावर तोंड घालत नाही म्हणून ज्वारीच्या कडेनं हिचे तास, म्हणजे ओळी, पेरतात. काढणी करायची ती भल्या पहाटे, दव असताना, कारण दवानं काटा मऊ पडतो. ऊन चढलं की ती कुणाला जवळ येऊ देत नाही. आम्ही हाताला जुन्या वाकळेच्या चिंध्या बांधायचो, पायाला पोत्याचे तुकडे सुतळीनं आवळायचो, आणि एवढं करूनही घरी येईस्तोवर बोटांवर लाल ठिपकेच ठिपके. कुणी तिकडं बघायचंही नाही. अव्वा, आमची आई, चहा टाकता टाकता बोट तोंडात घालायची, की झालं. रक्त थांबायचं.

त्यात नवल काय, असंच वाटायचं. खरं सांगते, आता वाटतं की सगळं नवल त्यातच होतं.

संगीचंही रक्त थांबायचं. आमच्यासारखंच, तेवढ्याच वेळात. तिथंच तर आम्ही फसलो.

मी दहावीला होते ते वर्ष. परीक्षा तोंडावर आलेली आणि करडईही कापायला आलेली. दोन्ही दरवर्षी एकदमच येतात, जसं काही त्यांचं ठरलेलं असतं. संगी सात-आठ वर्षांची, अंगात नुसता वारा. कापलेल्या रानातून पळताना तिच्या तळपायात धसकट घुसलं. रडली, बोंबलली. अव्वानं हळद दाबली, फडकं बांधलं, रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी मी दारात बसून जीवशास्त्र पाठ करत होते. मागून संगी लंगडत आली आणि अगदी सहज म्हणाली, "अक्का, माझा पाय वला झालाय."

मी बघितलं तर फडकं भिजून चिंब. "अव्वा, हिचं रक्त पुन्ना यायलंय!"

पुन्हा दाबलं, पुन्हा थांबलं, पुन्हा एक दिवस गेला आणि पुन्हा आलं. पोरीचे ओठ पांढरे पडायला लागले. गावात जो तो म्हणायचा, ही खपली काढत असणार, खोडकरच आहे. अव्वाला तेही पटलं बिचारीला. तिनं संगीचे हात ओढणीनं बांधून ठेवले. हात बांधलेलेच होते आणि रक्त आलंच. त्या दिवशी अव्वानं तिचे हात सोडले, आणि अप्पांनी तिला उचलून दवाखान्याची वाट धरली.

लोहाऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त काचेवर घेऊन बघितलं. "गोठतंय की छान. रोग न्हाई काही." सोलापूरच्या दवाखान्यातही तेच. सगळे आकडे बरोबर. अप्पा कागद हातात धरून उभे, संगी माझ्या मांडीवर पडलेली, आणि सगळी दुनिया म्हणतेय की हिला काहीच झालेलं नाही. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

तिथल्या रक्ततपासणीच्या खोलीत एक वयस्क बाई होत्या, शेख मॅडम. त्यांनी कागद बाजूला सारला आणि अव्वाला विचारलं, "ताई, हिची नाळ पडली तेव्हा रक्त आलं होतं का?"

अव्वा दचकली. म्हणाली, "आलतं. दुसऱ्या दिशी आलतं. देवाच्या दयेनं थांबलं." मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "हिच्या आधीचा पोरगा त्यातच गेला."

मी कळती व्हायच्या आतली गोष्ट; मला भाऊ होता हे मला त्या दिवशी कळलं. बारशाच्या आतच गेला म्हणून त्याला नावही नव्हतं.

शेख मॅडमनी दोन काचनळ्या घेतल्या. एकीत माझ्या रक्ताची गोठलेली गुठळी, दुसरीत संगीच्या. दोन्हींवर त्यांनी एक पाणी ओतलं आणि म्हणाल्या, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलो तर माझी गुठळी तळाशी घट्ट बसलेली, डाळिंबाच्या दाण्यासारखी. संगीच्या नळीत गुठळी नव्हतीच. विरून गेली होती. मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "बघा, हिची गाठ युरियात विरघळली."

बस्स. अप्पांनी तेवढंच ऐकलं. पुढं त्या बरंच बोलल्या, की रक्तातलं एक द्रव्य हिच्यात जन्मापासून नाही, फॅक्टर तेरा म्हणतात त्याला, इलाज आहे, महिन्याकाठी दुसऱ्याच्या रक्तातल्या पिवळ्या पाण्याची एक पिशवी चढवायची. अप्पांनी मान हलवली, पण कानात युरिया घेऊनच ते घरी आले. आमच्या घरात खताची गोणी कुठं असायची? संगी झोपायची त्याच खोलीच्या कोपऱ्यात. अप्पांनी चप्पलही काढली नाही. गोणी पाठीवर घेतली, मळ्यात नेली आणि खड्डा करून पुरली. परत येऊन संगीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "आता तुज्याजवळ येनार न्हाई बग ती." दुखण्याबद्दलच बोलतायत, असं आम्हाला वाटलं.

पुढच्या पेरणीला आमच्या रानात युरियाचा कण पडला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ज्वारी पिवळी पडली, शेजारपाजारचे हसले, अप्पा खमके. बैलांचं शेण, शेळ्यांच्या लेंड्या, डाळीचा भुसा, जे मिळेल ते रानात ओतत राहिले. होता होता रान सावरलं, आणि सेंद्रिय शेतीचं वारं आलं तेव्हा एका कार्यक्रमात चक्क अप्पांना स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. ही प्रेरणा कुठून मिळाली, असं विचारलं तर अप्पा म्हणाले, "घरचीच हाय." टाळ्या पडल्या. खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आम्हालाही नाही. आम्हाला वाटायचं, म्हातारा हट्टी आहे.

दहावीच्या पुस्तकात रक्त गोठण्यावर चार ओळी होत्या. त्या चार ओळींत संगी कुठं बसते ते मला सापडेना, आणि ते शोधायला म्हणून जी निघाले ती अजून चालतेच आहे. आज माझं काम विचाराल तर मी चित्रं काढते. शरीरातल्या वाटांची चित्रं, संगणकावर चालणारी. लोक म्हणतात, एवढं शिकून चित्रं? व्हय बाबांनो, चित्रंच.

कागदावर गोल काढायचे. एकेक गोल म्हणजे रक्तातलं एकेक द्रव्य. गोलांच्या मध्ये उभी दांडी, दांडी म्हणजे घडणारी गोष्ट. गोलातून दांडीकडं बाण, दांडीतून पुढच्या गोलाकडं बाण. आणि गोलांत ठिपके. दांडीकडं येणाऱ्या प्रत्येक गोलात ठिपका असेल तरच ती दांडी चालते, मागचे ठिपके उचलते आणि पुढच्या गोलात टाकते. एक जरी गोल रिकामा असला तरी ती ढिम्म हलत नाही. कांद्याला पाणी देताना आपण दारं धरतो, वरच्या सरीत पाणी आल्याशिवाय खालचं दार फोडून उपयोग नसतो, तसंच आहे हे. गणित पुढं खूप अवघड होतं, पण मूळ एवढंच.

रक्त गोठण्याचं हे सबंध जाळं मी पहिल्यांदा संगणकावर मांडलं आणि चालू केलं, तो दिवस मी विसरणार नाही. एका कोपऱ्यात मी काटा टोचला. म्हणजे एक ठिपका टाकला, बाकी काही नाही. त्या एका ठिपक्यानं एक दांडी हलली, तिनं दुसरीला जागं केलं, दुसरीनं तिसरीला. मधलं एक द्रव्य तर मागं वळून आपल्याच आधीच्यांना आणखी जोरात हाका मारायला लागलं, आणि बघता बघता पडदा ठिपक्यांनी भरून वाहायला लागला. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं हा लोंढा आवरणारीही निघालेली होती, जखमेच्या पलीकडं एक पाऊल जाऊ न देणारी. ती नसती तर बोटाला काटा टोचला म्हणून सगळ्या अंगातलं रक्त गोठलं असतं. बाई गं! अव्वा चहा टाकताना बोट तोंडात घालायची, तेवढ्यात हे सगळं होत होतं? कुणी सांगत नाही, कुणी राखण करत नाही, शाळा शिकलेलं नाही असं हे अंग, आणि त्याला हे सगळं येतं. मी हात जोडले. प्रयोगशाळेत कुणी बघतंय का हेही पाहिलं नाही.

मग मी शेवटचा एक गोल रिकामा केला. फॅक्टर तेराचा.

जाळं पहिल्यासारखंच धावलं. तसाच लोंढा, तशीच गुठळी, तेवढ्याच वेळात. पण त्या रिकाम्या गोलाचं काम शेवटी असतं. गुठळी म्हणजे धाग्यांचा ढीग, आणि हे द्रव्य त्या धाग्यांना टाके घालतं. वाकळेच्या चिंध्या नुसत्या एकावर एक रचल्या तर वाकळ दिसते खरी, पण ओढली की सुटते. पडद्यावरचं घड्याळ पुढं सरकत गेलं, गुठळी विरघळवणारी सावकाश चालीची दांडी आपलं काम करत राहिली, आणि दुसरा दिवस उजाडता उजाडता गुठळीच्या गोलातले ठिपके एकेक करून संपले. माझ्या बहिणीचा ओला पाय मी गोल आणि बाणांत बघितला. टेबलावर डोकं ठेवून मी रडले, आणि खरं सांगायचं तर त्यात दुःख थोडं होतं, थक्क होणंच जास्त. एवढी मोठी यातायात, आणि सगळं अडलं होतं एका टाक्यावर.

संगीचं लग्न ठरलं तेव्हा मी घरात लई भांडले. मुलगा आमच्याच मामाचा, बसवराज. माणूस सोन्यासारखा, पण रक्त एकाच घरातलं. संगीला हे दुखणं आलं ते आईबाप दोघांकडून अर्धं अर्धं येऊन. बसवराजच्या अंगातही तसलं अर्धं असेल तर लेकराच्या वाट्याला पुरतं येऊ शकतं, आणि त्याच्यात ते आहे का नाही हे काचनळीच्या साध्या तपासणीत दिसत नाही. सगळं नीट सांगितलं. संगी शांतपणे म्हणाली, "अक्का, तुजं जाळं घिऊन नांदू का मी?" लग्न झालं.

तिला दिवस गेले. पिवळ्या पिशव्या लवकर लवकर चढायला लागल्या, कारण तिच्या रक्ताला टाका नसला तर गर्भही टिकत नाही. दिवाळीला सगळे घरी होतो. अव्वा म्हणाली, "तू तिकडं काय बघतीस ते आमाला बी दाव की एकदा." लॅपटॉप उघडला तर तिला नीट दिसेना. मग मी अंगणात खडूनं गोल काढले, दांड्या, बाण सगळं काढलं. भूकंपानंतर वसवलेलं आमचं गाव, सगळ्या गल्ल्या कागदावर आखल्यासारख्या सरळ, आणि अंगणं मोठी. अर्धं अंगण भरलं. ठिपके म्हणून करडईचे पांढरे दाणे घेतले. अव्वा खाली बसली, मी सांगेन तसे दाणे या गोलातून त्या गोलात सरकवायला लागली. अप्पा बाजेवरून बघत होते.

"हितवर हिचं आपल्यासारखंच हाय?" अव्वानं विचारलं.

"व्हय अव्वा. हितवर समदं बरोबर."

"मग खोट कुठं हाय?"

मी शेवटच्या रिकाम्या गोलावर बोट ठेवलं. अव्वा बघतच राहिली. "एवढ्याशा जागंत?"

तेवढ्यात अप्पा बाजेवरून उठून आले, सगळ्या जाळ्याला एक फेरी मारली, आणि म्हणाले, "युरिया कुठल्या गोलात हाय?"

"कुठल्याच न्हाई, अप्पा. युरिया नुसता गाठ ओढून बघायला. टाका असला तर गाठ टिकती, नसला तर सुटती. संगीच्या रक्तात युरिया कधी गेलाच न्हवता."

अप्पांची नजर मळ्याकडं गेली. आणि मग आमच्या लक्षात आलं. पुरलेली गोणी, पिवळी ज्वारी, इतक्या वर्षांचा तो हट्ट.

"म्हंजे त्याचा काय दोष न्हाई," अप्पा म्हणाले.

"न्हाई."

"मग मला ती शाल उगंच दिली म्हनायची."

संगी पोट धरून हसायला लागली, तशी अव्वा ओरडली, "हळू हस गं बये!" मीही हसले, आणि हसता हसता अप्पांच्या हाताकडं बघितलं. करडईच्या काट्यांनी खरखरीत झालेले हात. लेकीला काय होतंय ते कळत नव्हतं, पण जे काही असेल ते तिच्या जवळ येऊ द्यायचं नाही, एवढं त्या हातांना कळत होतं.

संगीनं एक दाणा उचलला आणि त्या रिकाम्या गोलात स्वतःच्या हातानं ठेवला. मी दांडी चालवली. टाका पडला. बाकीच्या गोलांतले दाणे खर्च होतात, पण हा दाणा काम करून पुन्हा आपल्या जागी येतो. पुन्हा टाका, पुन्हा जागेवर. अप्पा म्हणाले, "एकच दाना?"

"एकच म्हणा. लई थोडं लागतं. म्हणून तर एक पिशवी तिला एवढे दिवस पुरती."

त्यांनी तो दाणा तळहातावर घेतला. आयुष्यभर पोत्यांनी करडई बघितलेला माणूस एक दाणा उन्हात धरून बघत होता. अव्वाचं मात्र भलतीकडंच लक्ष होतं. ती म्हणाली, "आन पोटातल्या लेकराच्या गोलात?"

एवढं सगळं मांडलं होतं मी. माझ्या जाळ्यातला गोल मी भरू शकते, रिकामा करू शकते. त्या लेकराचा गोल आत अंधारात होता. "ठावं न्हाई, अव्वा," मी म्हटलं.

आता माघ संपलाय. पोरगी सोलापूरला झाली, धडधाकट, रडणं तर पार लोहाऱ्यापर्यंत जावं असं. काचनळीची तपासणी एवढ्या तान्ह्या लेकराला भरवशाची नाही म्हणाले, म्हणून जन्मल्या जन्मल्या तिचं रक्त तपासायला लांब पाठवलंय; रिपोर्ट येईल तेव्हा येईल. डॉक्टरांनी घरी सोडलं, पण बजावून, की नाळ पडल्यावर थेंब जरी वाहिला तरी तसेच निघून या. शेजारचे मैनोद्दीनभाई लोहाऱ्याला जीप चालवतात, त्यांनी फेऱ्या बंद करून जीप आमच्या दाराशी लावली. "तुमी फकस्त हाक मारा," म्हणाले.

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाळ पडली. किंचित रक्त आलं, थांबलं. कुठल्याही घरात इथं गोष्ट संपली असती. आमच्या घरात ती इथं सुरू होते. रानात करडई वाळून खडखडत उभी, दव पडून जात होतं, आणि अप्पा विळा घेऊन उठायचे आणि पुन्हा बाजेवर बसायचे. मी लॅपटॉप उघडलाच नाही. काय बघणार होते त्यात? संगी लेकराकडं बघत पडून राहिली. अव्वानं दोन बोटं बेंबीच्या कापडावर हलकी टेकवली ती उचललीच नाहीत. जेवायला म्हटलं तर नको म्हणाली. मला तिच्या त्या बोटांखालचं सगळं दिसत होतं. ते हाका मारणारं द्रव्य, तो लोंढा, आवरणारे, आणि शेवटी ती एक दांडी, जिच्या मागच्या गोलात एक दाणा असेल किंवा नसेल. मी कधी देवाला काही मागत नाही. त्या दिवशी एक दाणा मागितला.

दुसरा दिवस उजाडला. कोवळं ऊन आत आलं. आम्ही तिघी लेकराभोवती बसलो. संगीनं अव्वाची बोटं अलगद उचलून बाजूला केली आणि कापड उघडलं. पांढरं होतं. बेंबी कोरडी, मधोमध एक काळपट खपली, घट्ट. आम्ही बसून राहिलो. दुपार झाली, उन्हं कलली, पोरगी चार वेळा रडली आणि चार वेळा प्यायली, आणि कापड पांढरंच राहिलं.

अप्पा दिवसभर आत आले नव्हते. दिवेलागणीला उंबऱ्याबाहेरून त्यांचा आवाज आला.

"शिवलं का?"

संगीनं एकदा लेकराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"शिवलं, अप्पा."

मी उठून बघितलं तर अप्पा तिथंच उंबऱ्यावर बसले होते, विळा मांडीवर ठेवून, लहान पोरासारखे हुंदके देत.